कायदा न मानणाऱ्याची जबाबदारी

कायदा मोडणारा आणि कायदा न मानणारा ही दोन्ही माणसे एकाच जातकुळीची, असे आपण सहसा धरून चालतो. वस्तुतः त्यांच्यात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मोडणाऱ्याला कायदा हवाच असतो. फक्त तो इतरांनी पाळावा, एवढीच त्याची अपेक्षा असते. रांगेत मध्येच घुसणाऱ्याला रांग हवी असते, कारण रांगच नसेल तर घुसण्यात लाभ तो कोणता? विजेच्या तारेवर आकडा टाकणाऱ्याला इतरांनी बिले वेळच्या वेळी भरावीत असे वाटते, नाही तर तारेत वीज राहावयाची नाही. खोटा दाखला मिळविणाऱ्यालाही दाखल्यांची पत टिकून राहावी असेच मनोमन वाटत असते. अशा मनुष्याला बंडखोर म्हणणे हा बंडखोरीचा अपमान होय. झाडावर वाढणाऱ्या बांडगुळासारखा तो व्यवस्थेचा आश्रित असतो.

याउलट, राज्यसंस्थेची आज्ञा ही केवळ आज्ञा आहे म्हणून मला बंधनकारक नाही, योग्य काय आणि अयोग्य काय याचा निवाडा माझी विवेकबुद्धी करील, असे म्हणणारा मनुष्य अगदी निराळ्या भूमीवर उभा असतो. विचारांच्या इतिहासात या भूमिकेला अराज्यवाद असे नाव आहे. आपल्या बोलण्यात मात्र 'अराज्य' आणि 'अराजक' हे दोन शब्द इतके मिसळून गेले आहेत की, चौकातला लाल दिवा डावलून जाणाराही स्वतःला स्वतंत्र वृत्तीचा समजू लागला आहे. 'आम्ही कोणाला जुमानत नाही' हे वाक्य हल्ली अभिमानाने उच्चारले जाते. ते उच्चारण्याचा अधिकार कोणाला आणि कोणत्या अटींवर, याचा विचार करणे म्हणूनच अगत्याचे आहे.

हुकुमावाचून कर्तव्य

आपण अराज्यवादी आहोत असे उघडपणे सांगणारा पहिला विचारवंत म्हणजे फ्रान्सचा प्रूदाँ. मालमत्तेवरील त्याचा खळबळजनक ग्रंथ १८४० साली प्रसिद्ध झाला. पुढे या पंथातील काहींनी हत्येचा मार्ग धरला. फ्रान्सचे अध्यक्ष कार्नो १८९४ मध्ये आणि अमेरिकेचे अध्यक्ष मॅकिन्ली १९०१ मध्ये अशा माणसांच्या हातून मारले गेले, आणि अराज्यवादी म्हणजे बाँब आणि पिस्तूल हे समीकरण लोकांच्या मनात पक्के बसले. त्या बदनामीत या विचाराचा गाभा झाकला गेला.

तो गाभा पाहावयाचा असेल तर क्रपॉटकिनकडे वळले पाहिजे. रशियाच्या सरदार घराण्यात १८४२ साली जन्मलेला हा मनुष्य व्यासंगी भूगोलतज्ज्ञ होता. राज्याच्या दंडशक्तीवाचून माणसे एकत्र नांदू शकतात हे दाखविण्यासाठी त्याने जी उदाहरणे दिली, त्यांत इंग्लंडच्या किनाऱ्यावरील जीवनौकांचे एक आहे. वादळात सापडलेल्या गलबतावरील माणसांना वाचविण्यासाठी जे लोक आपली नाव खवळलेल्या समुद्रात लोटतात, त्यांना तसे करण्यास कोणताही कायदा भाग पाडीत नाही. ते स्वयंसेवक असतात. १८२४ साली स्थापन झालेली त्यांची संस्था आजही मुख्यतः स्वयंसेवकांच्या श्रमावर आणि लोकांच्या देणग्यांवर चालते. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. हुकूम नाही म्हणून त्या नाविकाचे काम हलके झालेले नाही. पगारी नोकर पाळी संपली म्हणून घरी जाऊ शकतो. स्वेच्छेने वल्हे हाती घेतलेल्याला ती सोय नाही. राज्य वजा केले की त्याचे काम नाहीसे होत नाही, ते माणसांच्या खांद्यावर येऊन पडते. अराज्यवादाचा हा हिशेब समजून न घेता जो केवळ त्याची भाषा उचलतो, त्याच्या पदरी अराजकच पडावयाचे.

डोईपट्टी आणि रस्तापट्टी

एकट्या माणसाने चालविलेल्या अराज्यवादाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण म्हणजे हेन्री डेव्हिड थोरो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या काँकॉर्ड गावी १८१७ साली तो जन्मला. हार्वर्ड येथील शिक्षण पुरे करून १८३७ साली तो गावच्या शाळेत शिक्षक झाला. पण मुलांना मारल्यावाचून शिस्त राहावयाची नाही हा व्यवस्थापनाचा आग्रह त्याला मानवला नाही आणि थोड्याच दिवसांत त्याने ती नोकरी सोडली. पुढे काही वर्षे त्याने सरकारची डोईपट्टी भरली नाही. गुलामगिरीला आश्रय देणाऱ्या राज्याचा आधार आपण होणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. १८४६ च्या मे महिन्यात अमेरिकेचे मेक्सिकोशी युद्ध सुरू झाले आणि त्याच्या नकाराला आणखी एक कारण मिळाले.

त्या वर्षीच्या जुलै महिन्यात, दुरुस्तीला दिलेला जोडा आणावयास तो निघाला असता गावचा कॉन्स्टेबल सॅम स्टेपल्स याने त्याला अटक केली. स्टेपल्स भला गृहस्थ होता. पट्टीची रक्कम आपण भरतो असेही त्याने सुचविले. थोरोने ते नाकारले. परंतु कोणीतरी परस्पर पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची सुटका झाली. तुरुंगवास काय तो एका रात्रीचा. बाहेर पडल्यावर त्याने आपला जोडा घेतला आणि तो मित्रमंडळींबरोबर रानातली बोरासारखी फळे गोळा करावयास गेला. या अनुभवावर त्याने आधी व्याख्यान दिले आणि १८४९ साली निबंध प्रसिद्ध केला.

या निबंधाचे चाहते पुष्कळ आहेत. पण त्यातील एका कबुलीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. रस्तापट्टी भरण्यास आपण कधीच नकार दिला नाही, असे थोरोने त्यात स्पष्ट सांगितले आहे. सरकारशी त्याचे भांडण होते, शेजाऱ्यांशी नव्हते. ज्या रस्त्यावरून आपण चालतो, ज्यावरून शेजाऱ्याची गाडी जाते, त्याचा खर्च आपण उचललाच पाहिजे हे त्याला मान्य होते. कायद्याच्या पोटात दोन निरनिराळ्या गोष्टी असतात. एक सत्तेची आज्ञा आणि दुसरी सहजीवनाची व्यवस्था. पहिलीशी लढताना दुसरीला धक्का लागू न देणे ही त्या बंडखोराची कसोटी होती. आपल्याकडचा आधुनिक 'स्वतंत्र वृत्तीचा' मनुष्य नेमके याच्या उलट करतो. सत्तेपुढे तो नम्र असतो, मंत्र्याच्या गाडीला वाट देतो, साहेबाच्या दारात तिष्ठत उभा राहतो. आणि त्याचा सगळा पराक्रम चालतो तो शेजाऱ्याच्या दारात कचरा लोटण्यात आणि पदपथ अडविण्यात. डोईपट्टी तो मुकाट्याने भरतो, रस्तापट्टी मात्र बुडवितो.

थोरो केवळ नकारापाशी थांबला नाही, हेही सांगितले पाहिजे. १८५० साली अमेरिकेत जो कायदा झाला, त्यान्वये पळून आलेल्या गुलामाला मदत करणे हा गुन्हा ठरला. त्यासाठी १,००० डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद अशी शिक्षा होती. तरीही थोरो आणि त्याचे घरचे लोक अशा माणसांना आसरा देत, कॅनडाच्या वाटेला लावीत. कायदा अन्याय्य आहे असे म्हणून घरी बसणे त्याला पुरेसे वाटले नाही. त्या अन्यायात सापडलेल्या माणसाला तिकीट काढून गाडीत बसवून देण्याची जबाबदारी त्याने स्वतःकडे घेतली.

किंमत कोणी मोजावयाची?

गांधीजींनी थोरोचा निबंध दक्षिण आफ्रिकेत असताना वाचला आणि १९०७ साली 'इंडियन ओपिनियन'मधून त्याचा परिचय वाचकांना करून दिला. १९१६ च्या फेब्रुवारीत बनारस हिंदू विश्वविद्यालयाच्या समारंभात, राजेमहाराजांच्या उपस्थितीत, आपणही एका निराळ्या प्रकारचे अराज्यवादीच आहोत असे त्यांनी सांगितले होते. निराळा प्रकार म्हणजे कोणता, याचे उत्तर पुढच्या सहा वर्षांत मिळाले.

१९१९ च्या एप्रिलमध्ये रौलट कायद्याविरुद्धच्या चळवळीत ठिकठिकाणी दंगे झाले, तेव्हा गांधीजींनी सत्याग्रह आवरता घेतला. लोकांना अकाली कायदेभंगास प्रवृत्त करण्यात आपली चूक झाली, असे जाहीर करून त्यांनी तिला हिमालयाची उपमा दिली. या कबुलीमागचा विचार मोलाचा आहे. शिक्षेच्या भयाने नव्हे, तर समजून-उमजून ज्याने कायदे पाळले आहेत, त्यालाच कोणता कायदा न्याय्य आणि कोणता अन्याय्य हे ठरविण्याची पात्रता येते, असे ते म्हणत. भीतीने पाळणारा आणि संधी मिळताच मोडणारा या दोघांनाही ती पात्रता नाही.

१९२२ च्या ४ फेब्रुवारीला चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे पेटविले, वीसहून अधिक पोलिसांचा बळी गेला, आणि गांधीजींनी बार्डोलीचा नियोजित कायदेभंग रद्द केला. त्यासाठी स्वकीयांची टीका सोसली, पाच दिवसांचे उपोषण केले. पुढच्याच महिन्यात, १८ मार्चला, अहमदाबादेत न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांच्यापुढे राजद्रोहाचा खटला उभा राहिला तेव्हा त्यांनी गुन्हा कबूल केला आणि कायद्यात असेल ती कडक शिक्षा मागितली. सहा वर्षांची कैद झाली.

यावरून कायदा नाकारणाऱ्याच्या तीन अटी काढता येतात. त्याचा नकार उघड असला पाहिजे. चोरून केलेला भंग हा सोयीचा व्यवहार ठरतो. त्याची किंमत त्याने स्वतः मोजली पाहिजे. ती शेजाऱ्याने, बसमधल्या उतारूने किंवा दगडफेकीत सापडलेल्या दुकानदाराने मोजावयाची नाही. आणि त्या कायद्याने जे सामाजिक काम होत असेल ते त्याने दुसऱ्या मार्गाने पुरे केले पाहिजे. या तीन अटी पुऱ्या करणारी माणसे सर्वत्र थोडीच. आपल्याकडचे ठळक नाव सांगावयाचे तर रघुनाथ धोंडो कर्वे. संततिनियमनाच्या प्रचारापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी गेली, 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचे खटले झाले. पण १९२७ साली सुरू केलेले ते मासिक त्यांनी १९५३ साली मृत्यूपर्यंत पदरमोड करून चालविले. आपल्या मताची झळ त्यांनी स्वतः सोसली.

महाडचा धडा

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की, राज्य हाच व्यक्तीचा खरा शत्रू आणि समाज तिचा मित्र. पाश्चात्त्य अराज्यवाद्यांचा कल या समजुतीकडे आहे. महाराष्ट्रात मात्र ती टिकत नाही.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्याले तेव्हा त्यांनी कोणताही कायदा मोडला नव्हता. त्यांनी मोडली होती ती रूढी. आणि त्यानंतर परतणाऱ्या लोकांवर ज्यांनी लाठ्या चालविल्या, ते राज्याचे शिपाई नव्हते. ते गावचे प्रतिष्ठित म्हणविणारे नागरिक होते. आंबेडकरांनी आपल्या माणसांना प्रतिहल्ल्यापासून आवरून धरले. आपल्याकडे राज्य मागे सरले की त्या जागी आपोआप स्वातंत्र्य येत नाही. तेथे जात येते, गावकी येते. सामाजिक बहिष्काराला आळा घालण्यासाठी महाराष्ट्राच्या विधिमंडळाला २०१६ साली स्वतंत्र कायदा मंजूर करावा लागला, यातच सर्व काही आले. ज्याला जातपंचायतीने वाळीत टाकले आहे, त्याच्या बाजूने कायद्यावाचून उभे राहणारे दुसरे कोण असते?

त्याच वर्षीच्या डिसेंबरातली घटना तर अधिक विचार करावयास लावणारी आहे. परिषद भरण्यापूर्वी विरोधकांनी दिवाणी न्यायालयातून तळ्यावर जाण्यास तात्पुरता मनाईहुकूम मिळविला होता. हजारो लोक तो मोडून तुरुंगात जावयास सिद्ध होते. बऱ्याच चर्चेनंतर आंबेडकरांनी सत्याग्रह तहकूब करावयास लावला आणि न्यायालयाची वाट धरली. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल त्यांच्या बाजूने लागला तो १९३७ च्या मार्चमध्ये. दहा वर्षे! अन्यायाने पोळलेल्या माणसाने दहा वर्षे धीर धरणे म्हणजे काय, याची कल्पना साध्या दाखल्यासाठी दोन हेलपाटे पडताच संतापणाऱ्या आपल्यासारख्यांनी करून पाहावी. हाच पुरुष २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बोलताना, सनदशीर मार्ग खुले झाल्यावर कायदेभंग व सत्याग्रह हे मार्ग सोडून दिले पाहिजेत, ती अराजकाची रीत आहे, असे बजावतो, तेव्हा त्या शब्दांमागे महाडची तपश्चर्या असते. त्यांचे म्हणणे शंभर टक्के मान्य नसणाऱ्यानेही एवढे स्वीकारले पाहिजे की, लोकशाहीत कायदा मोडणाऱ्यावर सिद्धतेचा भार अधिक असतो. इतर दारे ठोठावून झाली आहेत, हे त्याने आधी दाखविले पाहिजे.

नियमाच्या आड

मग कायदा निमूटपणे पाळला की जबाबदारी संपली काय? तसे समजणे हीसुद्धा पळवाटच होय. १९६१ साली जेरुसलेम येथे आइकमनवर खटला चालला. लक्षावधी ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा अधिकारी. आपण वरिष्ठांच्या आज्ञा पाळल्या, हा त्याच्या बचावाचा मुख्य आधार होता. न्यायालयाने तो मानला नाही आणि १९६२ साली त्याला फाशी झाली. हे उदाहरण टोकाचे आहे. परंतु 'मी नियमाप्रमाणे केले' या उद्गाराने सदसद्विवेकाला रजा देण्याची सवय आपल्या साध्यासुध्या कचेऱ्यांतूनही आढळते. निवृत्त शिक्षकाची विधवा निवृत्तिवेतनासाठी येते, कागदात एका अक्षराची तफावत असते, आणि ती कशी दुरुस्त करावी हे ठाऊक असलेला कारकून 'नियमात बसत नाही' एवढेच सांगून मान खाली घालतो. त्याने कोणताही कायदा मोडलेला नसतो. पण नियम हे त्याने हत्यार म्हणून हाती घेतले नसले, तरी ढाल म्हणून निश्चित घेतलेले असतात. कायदा मोडून तो भार दुसऱ्यावर टाकणारा आणि कायद्याच्या आड लपून आपला भार टाळणारा, हे दोघे दिसावयास परस्परविरुद्ध. पण मी उत्तर देणार नाही, हे दोघांचेही म्हणणे एकच.

जबाबदारी वरून लादता येत नाही, याचा प्रत्यय आपल्या राज्यघटनेच्या इतिहासातच आहे. नागरिकांची मूलभूत कर्तव्ये घटनेत आली ती १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने, म्हणजे आणीबाणीत, जेव्हा नागरिकांचे हक्क तहकूब होते. मूळची दहा कर्तव्ये २००२ साली अकरा झाली. ती उत्तम आहेत. पण ती वाचून कोणी अधिक कर्तव्यदक्ष झाल्याचे दिसत नाही. त्याच १९७६ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या चार न्यायमूर्तींनी स्थानबद्धांना न्यायालयाचे दार बंद असल्याचा निर्वाळा दिला. पाचवे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी एकट्याने भिन्न मत नोंदविले. पुढच्या जानेवारीत सेवाज्येष्ठता डावलून सरन्यायाधीशपद दुसऱ्यास देण्यात आले, आणि त्यांनी राजीनामा दिला. तो बहुमताचा निर्णय २०१७ साली त्याच न्यायालयाने मोडीत काढला. खन्ना यांना कोणतेही कलम तसे करण्यास सांगत नव्हते, की मनाई करीत नव्हते. कायद्याच्या खुर्चीत बसूनही मनुष्याला शेवटी स्वतःच्याच विवेकाला विचारावे लागते.

यावर एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. थोरो अविवाहित होता. वॉल्डन तळ्याकाठची त्याची झोपडीही मित्राच्या, इमर्सनच्या, जमिनीवर होती. त्याची पट्टीदेखील दुसऱ्याच कोणी भरली. महिन्याच्या पगारावर घर चालविणाऱ्या, मुलांची फी आणि आईचे औषध यांची तोंडमिळवणी करणाऱ्या माणसाने कोणत्या बळावर नकार द्यावा? तुरुंगाची अपेक्षा त्याच्याकडून कोणी करीत नाही. परंतु लहान नकार त्याच्याही आवाक्यात असतात. न झालेल्या सभेच्या इतिवृत्तावर सही न करणे, खोट्या हजेरीपटाला हात न लावणे, परीक्षेच्या खोलीत पाठ न फिरविणे. परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी महाराष्ट्रात १९८२ पासून कायदा आहे. तरी कॉपीची चर्चा दर मार्चमध्ये होतेच, कारण खोलीत कायदा उभा नसतो, पर्यवेक्षक उभा असतो. अशा नकाराची किंमतही असते. एखादी गैरसोयीची बदली, वरिष्ठाची नाराजी, सहकाऱ्यांचे टोमणे. ती लहान आहे, पण ती ज्याची त्यालाच मोजावी लागते. आणि म्हणूनच तिला अर्थ आहे.

विद्यार्थ्यांना विशेषतः हे सांगावेसे वाटते. कोणत्याही सत्तेपुढे मान तुकवावयाची नाही, ही तारुण्यातील ऊर्मी निरोगी आहे; ती मारून टाकू नये. मात्र ज्या दिवशी एखादा नियम मोडावासा वाटेल, त्या दिवशी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. हे मी माझ्या नावानिशी, सर्वांसमक्ष करावयास तयार आहे काय? आणि याची झळ कोणाला लागणार आहे? पहिल्याचे उत्तर होकारार्थी आणि दुसऱ्याचे 'मलाच' असे येत असेल, तर तो नकार विचारात घेण्याजोगा आहे. तसे उत्तर येत नसेल तर नियम पाळावा आणि तो बदलण्यासाठी उघडपणे झगडावे. राज्याचे ओझे कमी व्हावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने आपल्या वाट्याची रस्तापट्टी, कोणी मागावयास न येता, आधी भरलेली असली पाहिजे.